अवघड शब्द कोणासाठी?

1604 साली लंडनमध्ये रॉबर्ट कॉड्रीचे ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ हे लहानसे पुस्तक निघाले. निव्वळ इंग्रजीचा पहिला कोश म्हणून ते ओळखले जाते. त्यात शब्द सुमारे 2,500, आणि तेही मुद्दाम निवडलेले अवघड. रोजच्या बोलण्यातले साधे शब्द त्याने घेतलेच नाहीत. अवघड इंग्रजी शब्द मिरवण्यासाठी असतात, हा समज आज पक्का झाला आहे. कॉड्रीचा हेतू याच्या नेमका उलट होता. पुस्तक कोणासाठी, हे शीर्षकपृष्ठावरच छापले आहे: स्त्रिया आणि फारसे न शिकलेले लोक. शास्त्रवचनांत आणि प्रवचनांत कानावर पडणारे शब्द त्यांना कळावेत, एवढेच त्याला हवे होते. लॅटिन शिकवणाऱ्या शाळांची दारे मुलींना जवळजवळ बंद होती, आणि विद्वानांच्या इंग्रजीत लॅटिन शब्दांचा पूर आला होता. कॉड्री स्वतः शिक्षक आणि धर्मोपदेशक; चर्चच्या वरिष्ठांशी न पटल्याने त्याचे पद गेले होते. ऐकणाऱ्याला प्रवचन कळत नसेल तर ते वाया जाते, ही तळमळ त्याच्या प्रस्तावनेत दिसते. अकारविल्हे शब्द कसा शोधावा हेसुद्धा तो तिथे समजावून सांगतो, इतका त्याचा वाचक नवखा होता.

1623 मध्ये हेन्री कॉकरमने हे चाक उलटे फिरवले. त्याच्या कोशाच्या एका भागात साधा शब्द शोधावा आणि त्याजागी भारदस्त शब्द घ्यावा, अशी सोय आहे. त्यातले बरेच शब्द लॅटिन कोशांतून उचललेले. कोशाबाहेर ते क्वचितच कोणी वापरले. यावर कोणी म्हणेल, आजचे भारदस्त शब्दच उद्या रुळतात. ते खरे आहे. थॉमस विल्सनने 1553 मध्ये लॅटिनाळलेल्या इंग्रजीची टर उडवणारे एक पत्र छापले. त्यातले ‘सेलिब्रेट’ आणि ‘डेक्स्टेरिटी’ आज कोणालाही खटकत नाहीत, ‘इंजेंट’ मात्र मेला. पण जे जगले ते लिहिणाऱ्यांनी वाक्यांत वापरले म्हणून जगले. कॉकरमसारख्या कोशाच्या यादीत तर मेलेल्यांनाही जागा मिळाली होती.

कॉड्रीचा दोषही लपवू नये: त्याचे अर्थ एक-दोन शब्दांत उरकलेले, उदाहरण एकही नाही. ती उणीव सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये सुमारे 1,14,000 अवतरणे देऊन भरून काढली. शब्द वाक्यातच कळतो, ही जाण परीक्षांतही आली आहे. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी जाणारी महाराष्ट्रातली मुले जी ‘जीआरई’ परीक्षा देतात, तिनेही 2011 मध्ये सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणे बंद केले. आता शब्द उताऱ्यात किंवा वाक्यातच विचारला जातो.