रेड हिल इंधनसाठा : भूजल व भूस्तर

हवाईतील ओआहू बेटावर, पर्ल हार्बरनजीक अमेरिकी नौदलाने १९४०–४३ दरम्यान डोंगराच्या पोटात बांधलेल्या २० टाक्यांचे स्थळ. प्रत्येक टाकी सु. ७६ मी. उंच, तळाखाली अवघ्या ३० मी.वर होनोलुलूला पाणी पुरविणारा भूजलसाठा. जागेची ही निवड मुळातच घातक. येथील बेसाल्टच्या पातळ थरांमध्ये लाव्हाच्या खडबडीत, सच्छिद्र गोट्यांचे पट्टे व भेगा आहेत. त्यांतून पाणी झपाट्याने वाहते, तसेच इंधनही. अशा भूस्तरात गळतीचा माग काढणे कठीण. नोव्हेंबर २०२१ मध्ये सांडलेले विमानाचे इंधन नौदलाच्या विहिरीत उतरले. घरोघरी नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. मार्च २०२२ मध्ये साठा कायमचा बंद करण्याचा आदेश निघाला. टाक्या रिकाम्या झाल्या. भूजलाची तपासणी चालूच आहे.