कृश देहातील मधुमेह

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे जन्मतः आलेला, व दुसरा अपथ्याने जडलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. या भेदाचा आधुनिक शोधांशी घाईने मेळ घालू नये. परंतु पुढे मधुमेह म्हणजे बैठ्या, सुखवस्तू लोकांचा रोग एवढीच समजूत उरली, हे खरे. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण देशांतील मधुमेहाची चर्चा झाली, तेव्हाही बंगालमधील सुशिक्षित वर्गाच्या बैठ्या राहणीकडेच बोट दाखविले गेले.

राहणीने मात्र सारा उलगडा होईना. लंडनमधील साउथॉल भागाची पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली. तेथील भारतीय उपखंडातून आलेल्या रहिवाशांत मधुमेहाचे प्रमाण गोऱ्या शेजाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. जेम्स नील यांनी १९६२ सालीच पूर्वजांच्या दुष्काळांतून आलेल्या 'काटकसरी' जनुकांची कल्पना मांडली होती. कल्पना मोहक खरी. पण वंशाचे नाव घेतले की पुढची चौकशी खुंटते. १९९२ साली हेल्स व बार्कर यांनी गर्भावस्थेतील उपासमारीकडे लक्ष वेधले.

याचा भरभक्कम पुरावा पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मिळाला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून तेथील स्त्रियांचा आहार, श्रम व वजन गर्भधारणेपूर्वीपासून नोंदविले. त्यांची अर्भके सरासरी सुमारे २.७ किलोची भरली. इंग्लंडातील साउदम्प्टनची ३.५ किलोची. स्नायू व पोटातील अवयव खुरटलेले, पाठीच्या त्वचेखालील चरबी मात्र बव्हंशी शाबूत! शेतात राबणाऱ्या मातेच्या या बाळाला सुखवस्तूपणाचा दोष कोण देणार? नुसती भाकरी वाढवून भागण्यासारखेही नव्हते, कारण पुष्कळ मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्वच कमी होते.

२००४ साली याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा अंक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के व याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरॅथॉन धावतात, याज्ञिक लिफ्टचे दार गाठण्यापुरते, अशी मिश्किल कबुलीही सोबत होती.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांकरिता २५ या अंकाअलीकडे २३ हा सावधगिरीचा टप्पा सुचविला. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावातून शहरात आलेला, २४ अंकाचा सडपातळ माणूस जुन्या मापाने निर्धास्त ठरे. नव्या मापाने त्याच्या रक्तातील साखर तपासणे अगत्याचे होते.