पास्काचे घोडेस्वार

सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना आम्ही धर्मसुधारणेच्या काळातील राजे, तह आणि धर्मसभा यांच्या सनावळ्या पाठ केल्या. सामान्य कुटुंबांनी त्या वादळात आपली श्रद्धा कशी सांभाळली, हे मात्र त्या पाठांतरात क्वचितच आले. म्हणून, ज्या समाजाने ती घोड्याच्या पाठीवरून पुढल्या पिढीच्या हाती दिली, त्याची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जर्मनीच्या पूर्व भागात, पोलंड व चेक प्रजासत्ताक यांच्या सीमांलगत, लुझेशिया नावाचा प्रदेश आहे. सोर्ब हे तेथील एक छोटे स्लाव लोक. त्यांची संख्या साधारण ६०,००० सांगितली जाते. त्यांची भाषा जर्मन नव्हे; ती चेक व पोलिश या भाषांची भगिनी. सोळाव्या शतकात बहुसंख्य सोर्ब लुथरपंथी झाले. कामेन्त्स, बाउत्सेन आणि होयर्सवेर्डा या तीन गावांमधल्या टापूतील खेडी मात्र कॅथलिक राहिली. याचे एक मोठे कारण म्हणजे १२४८ साली स्थापन झालेला मारियनश्टेर्न येथील सिस्टर्शियन धर्मभगिनींचा मठ. आसपासची कित्येक खेडी या मठाच्या जमीनदारीत होती. १६३५ च्या प्रागच्या तहान्वये लुझेशिया प्रॉटेस्टंट सॅक्सनीच्या ताब्यात गेला, तेव्हाही तेथील कॅथलिक संस्थांना संरक्षण मिळाले. अशा रीतीने भिन्न पंथाच्या व भिन्न भाषेच्या समुद्रात हे एक लहानसे बेट टिकून राहिले.

या बेटावर पास्काचा सण घोड्यावरून साजरा होतो. ईस्टरच्या रविवारी एका धर्मग्रामातील पुरुष घोड्यांवर स्वार होऊन शेजारच्या धर्मग्रामाला ख्रिस्त उठल्याची सुवार्ता सांगायला निघतात आणि शेजारचे स्वार त्यांच्या गावी येतात. अंगात काळा लांब कोट, डोक्यावर उंच काळी टोपी. अग्रभागी क्रूस, धर्मपताका आणि पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती. धर्मगुरू स्वारांवर व घोड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. मग चर्चला प्रदक्षिणा घालून जोडीजोडीने स्वारी वाटेला लागते. वाटभर मातृभाषेतील गीते आणि प्रार्थना चालू असतात. दोन गावांच्या स्वाऱ्या वाटेत समोरासमोर येऊ नयेत, असा जुना संकेत आहे. यजमान गावी पोहोचल्यावर घराघरांतून पाहुण्या स्वारांना जेवू घातले जाते.

वसंतात घोड्यावरून शेताभोवती फेरी मारून पिकांचे रक्षण मागण्याची प्रथा या लोकांत ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून असावी, असे अभ्यासक मानतात. चर्चने ती मोडून टाकली नाही. तिला नवा अर्थ दिला. विटिखेनाऊ गावचे स्वार पूर्वी होयर्सवेर्डाला जात. ते गाव लुथरपंथी झाल्यावर त्यांनी आपल्या घोड्यांची तोंडे राल्बिट्स गावाकडे वळविली. आजही या दोन गावांत स्वाऱ्यांची देवाणघेवाण चालते.

या परंपरेचे खरे विद्यालय म्हणजे शेतकऱ्याचे घर. एके काळी नांगराला जुंपला जाणारा घोडाच सणाला सजत असे. घोड्याची आयाळ आदल्या दिवशी वेण्या घालून ठेवायची, म्हणजे सकाळी ती लाटांसारखी मोकळी होते. लगामाला शिंपल्यांची वा चांदीची नक्षी, शेपटीला भरतकामाची रेशमी फीत. हे भरतकाम घरातील स्त्रियांच्या हातचे. स्वारी पुरुषांची असली, तरी तयारी साऱ्या घराची असते. प्रथमच स्वारीला निघालेल्या मुलाच्या कोटावर हिरवा लहान हार लावतात. पंचवीस वर्षे स्वारी केलेल्याच्या कोटावर रुपेरी आणि पन्नास वर्षे केलेल्याच्या कोटावर सोनेरी. आजोबांचा सोनेरी, वडिलांचा रुपेरी आणि नातवाचा हिरवा हार एकाच अंगणात एकत्र आला, तर त्या घराचा अर्धशतकाचा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो.

या वाटेवर संकटेही आली. नाझी राजवटीने १९३७ साली सोर्बांच्या ‘दोमोविना’ या संघटनेच्या कार्यावर बंदी आणली आणि त्यांची भाषा सार्वजनिक जीवनातून हद्दपार केली. याच समाजातील तरुण धर्मगुरू आलोइस आंद्रित्स्की यांचा १९४३ साली डाखाऊच्या छळछावणीत अंत करण्यात आला. २०११ साली ड्रेस्डेन येथे चर्चने त्यांना ‘धन्यवादित’ घोषित केले. पुढे साम्यवादी राजवटीत शेते सामुदायिक झाली, ट्रॅक्टर आले आणि तबेले रिकामे झाले. राजसत्तेच्या बंदीपेक्षाही हा घाव खोल होता; कारण घोडाच नसेल, तर बापाने मुलाला शिकवायचे काय?

तरीही स्वारी थांबली नाही. लोकांनी दूरदूरून घोडे मागून आणले. आजही बहुतेक कुटुंबांपाशी स्वतःचा घोडा नाही. सणापुरता तो भाड्याने आणतात. काही दिवस त्याची ओळख करून घेतात, त्याला गर्दीची, पताकांची आणि गाण्याची सवय लावतात. असे असूनही सर्व गावे मिळून सुमारे दीड हजार स्वार निघतात. २०२० साली साथीमुळे या स्वाऱ्या रद्द झाल्या; नंतर त्या पुन्हा सुरू झाल्या.

भाड्याच्या घोड्यावरची ही परंपरा खरी म्हणावी काय, असा प्रश्न कोणी विचारील. आम्हांला वाटते, ती खरीच आहे. आजोबांनी नातवाला केवळ लगाम धरायला शिकविले असते, तर ट्रॅक्टर आला त्या दिवशी ती विद्या संपली असती. त्यांनी लगामाबरोबर गीत दिले, गीताबरोबर भाषा दिली आणि भाषेबरोबर श्रद्धा दिली. घोडा गेला, तेव्हा उरलेल्या तिघांनी त्याला शोधून परत आणले.

सोर्बांची चिंता अजून मिटलेली नाही. तरुण नोकरीसाठी दूर जातात. कित्येक घरांत जर्मन बोलली जाते. पण दूर गेलेल्यांपैकीही अनेक जण पास्काला गावी परततात आणि आपल्या बापाशेजारी स्वार होतात. हिरवा हार लावलेल्या त्या मुलाला पुढे रुपेरी हार लाभेल की नाही, हे त्याला आज घरात कोणत्या भाषेत हाक मारली जाते, यावर अवलंबून आहे. प्रिय वाचकहो, हा प्रश्न फक्त लुझेशियातील अंगणांपुरता आहे, असे आम्हांला वाटत नाही.