सर्व्हर पॅकेजांतील पूर्वनिर्धारित आवृत्ती

सर्व्हर पॅकेजांतील पूर्वनिर्धारित आवृत्ती : अनेक संगणकांना एका ठिकाणाहून माहिती व सेवा पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. त्यावरील आज्ञावल्या सामान्यतः तयार पॅकेजांच्या रूपात बसविल्या जातात. पॅकेज बांधणाऱ्यास दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : आज्ञावलीची कोणती आवृत्ती घ्यावयाची आणि वापरणाऱ्याने वेगळी सूचना न दिल्यास तिने कसे वागावयाचे. अशा निवडीस पूर्वनिर्धारित निवड म्हणतात. ती बदलता येते. परंतु पुष्कळदा ती आहे तशीच राहते. म्हणूनच परदेशी केलेल्या अशा निवडीचा परिणाम नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील गावांच्या मराठी सूचीवरही होऊ शकतो.

निवडीची तत्त्वे : नवी आवृत्ती अधिक सोयी देते, जुनी अधिक पारखलेली असते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने ‘स्थिर’ आवृत्तीची पद्धत रूढ केली. तीत आज्ञावल्यांच्या आवृत्त्या गोठविल्या जातात व नंतर मुख्यतः सुरक्षाविषयक आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्याच दिल्या जातात. यामुळे चालू कामात व्यत्यय येत नाही. मात्र जुन्या निवडीही दीर्घकाळ टिकून राहतात.

मराठी लेखनावरील परिणाम : १९९५ पासून प्रसृत झालेली मायएसक्यूएल ही माहितीसंचयाची आज्ञावली मूळची स्वीडनमधील होय. तिचा पूर्वनिर्धारित वर्णसंच लॅटिन-१ व वर्णानुक्रम स्वीडिश भाषेचा होता. शिवाजी, कृतिदेव यांसारखे जुने टंक देवनागरीच्या आकारांना रोमन अक्षरांचेच संकेतांक देत असल्याने त्यांतील मजकूर या वर्णसंचात सामावत असे. प्रश्न उद्भवला तो युनिकोडच्या प्रसाराबरोबर. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात आणि लॅटिन-१ मध्ये त्या चिन्हांना स्थानच नाही. असा मजकूर लॅटिन-१ मध्ये रूपांतरित होताना प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह नोंदविले जाई. काना, मात्रा व अनुस्वार धरून ‘नांदेड’ या नावात सहा चिन्हे आहेत, ‘निलंगा’ यातही सहा. ‘लातूर’ व ‘चाकूर’ यांत प्रत्येकी पाच. म्हणजे नोंदीनंतर नांदेड व निलंगा यांतील, तसेच लातूर व चाकूर यांतील भेदच नाहीसा होई. हा दोष केवळ दर्शनाचा नव्हता. मूळ नाव त्या नोंदीतून पुन्हा मिळविता येत नसे.

मायएसक्यूएलच्या ४·१ या आवृत्तीत (२००४) युनिकोडची सोय झाली, तरी पूर्वनिर्धारित वर्णसंच लॅटिन-१ हाच राहिला. ५·७ या आवृत्तीपासून (२०१५) न सामावणारा मजकूर मुकाट्याने बदलण्याऐवजी नाकारण्याचे धोरण पूर्वनिर्धारित झाले आणि ८·० मध्ये (२०१८) युनिकोड हाच पूर्वनिर्धारित वर्णसंच झाला. पॅकेज बांधणाऱ्यांनी हे काम काही ठिकाणी आधीच केले होते. डेबियनच्या नवव्या आवृत्तीत (२०१७) मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी ही आज्ञावली पूर्वनिर्धारित करण्यात आली. मारियाडीबीच्या निर्मात्यांचा पूर्वनिर्धारित वर्णसंच तेव्हा लॅटिन-१ असूनही डेबियनच्या पॅकेजात युनिकोड ठेवण्यात आले होते. मूळ निर्मात्यांनी तो बदल २०२४ मध्ये, ११·६ या आवृत्तीत केला.

टंकांच्या आवृत्तीचाही असाच परिणाम होतो. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडच्या ५·१ आवृत्तीत (२००८) स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्यापूर्वीचे टंक असलेल्या संगणकावर त्याच्या जागी सामान्यतः रिकामी चौकट दिसते.

वर्णानुक्रमाचा प्रश्न : वर्णसंच योग्य असला, तरी अनुक्रम मराठीचा असतोच असे नाही. युनिकोडच्या पूर्वनिर्धारित अनुक्रमात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे गावांच्या सूचीत ‘जळकोट’ हे नाव ‘जवळगा’च्या आधी लागते, मराठी कोशाच्या रीतीने ते नंतर यावयास हवे. मराठी अनुक्रम हवा असल्यास त्याची स्वतंत्र निवड करावी लागते.