शापाच्या स्थानी आशीर्वाद

आपल्या हरिहरेश्वराकडील स्त्रिया बांगडी ‘फुटली’ असे न म्हणता ‘वाढवली’ म्हणतात. अशुभ शब्द मुखावाटे निघू नये, हा त्यातील भाव होय. जुन्या करारातही हीच रीत आढळते. ‘देवाला शाप दे आणि मर’, असे ईयोबाची पत्नी त्यास सांगते (ईयोब 2:9). परंतु हिब्रू पाठात तेथे ‘बारेख’, म्हणजे ‘धन्य म्हण’, असा शब्द आहे. नाबोथावरील खोट्या आरोपातही (1 राजे 21:10) तेच क्रियापद आहे. देवनामाशेजारी शापवाचक शब्द लिहिण्यास लेखणी धजली नाही, असे विद्वान मानतात. इ. स. 405 च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या लॅटिन भाषांतरात संत जेरोम यांनीही तेथे आशीर्वादाचाच शब्द ठेवला. मात्र ईयोब पत्नीची कानउघाडणी करतो, त्यावरून खरा अर्थ उघड होतो. केवळ अक्षर धरणारा निराशेलाच भक्ती समजेल. संदर्भ पाहणारा त्या दुःखी मातेचा आक्रोश ओळखील.