बदलायचं कोणी? कर्णबधिरांच्या मदतीचा इतिहास, वाळूजमधून पाहताना

आजचा विषय आहे ऐकू न येणाऱ्यांना मदत करण्याचे मार्ग, आणि तो आपण मुद्दाम वाळूजमध्ये घेतोय. १९८५ साली इथं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पाठोपाठ सुटे भाग बनवणारे कितीतरी लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, बजाजनगरात गल्लोगल्ली प्रेस शॉपमध्ये राबणारी माणसं राहायला आली. त्यातली पहिली पिढी आता साठीच्या घरात आहे. टीव्हीचा आवाज वाढवत राहणारी, फोन वाजला की तो नातवाच्या हातात देणारी.

अशा माणसाविषयी बोलताना पहिला प्रश्न येतो तो ‘मशीन केवढ्याला पडतं?’ हा. इतिहासात मात्र मशीन फार उशिरा येतं. त्याआधी वाद होता तो असा की बदलायचं कोणी, ऐकू न येणाऱ्यानं की भोवतालच्या माणसांनी?

१८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दीडशेहून अधिक प्रतिनिधी होते, त्यात स्वतः बधिर असलेला फक्त एक. ठराव झाला की मुलांना खुणांनी नाही, बोलण्यातूनच शिकवायचं. ज्यांच्या हातांबद्दल निर्णय घेतला, त्यांना विचारलंच नाही! पुढं साधारण १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं मुंबईत मूकबधिरांसाठी शाळा निघाली. भारतातल्या अशा पहिल्या शाळांमध्ये तिची गणना होते. शाळा निघाल्या हे मोठंच काम होतं. पण आपल्याकडच्या बहुतेक शाळांवर पुढं अनेक दशकं मिलानचीच छाया राहिली. मुलांनी ओठ वाचायचे, घसा कंप पावतो तो हातानं चाचपून शब्द काढायचा.

आता ओठ वाचणं म्हणजे काय, ते इथंच करून बघा. शेजाऱ्याकडे तोंड करून, आवाज न काढता म्हणा: पाप, बाप, माप. तिन्ही शब्दांना ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. क आणि ग तर घशाजवळ तयार होतात, ओठांवर दिसतच नाहीत. म्हणजे मूल अर्धं वाक्य पाहतं आणि अर्धं अंदाजानं भरतं. हुशार मुलं यात तरली. बाकीच्यांवर ‘मतिमंद’ असा शिक्का बसायला वेळ लागला नाही, आणि आमच्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा अन्याय तोच.

खुणा मात्र मेल्या नाहीत. वर्गात बंदी, तर वसतिगृहात रात्री हात बोलायचे. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणा तपासल्या. या नुसत्या हातवाऱ्या नाहीत, यात स्वतःचं व्याकरण असलेली भाषा आहे, हे त्या आणि नंतरच्या अभ्यासांतून पुढं आलं. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली, २००१ मध्ये तिथं भारतीय सांकेतिक भाषेचा विभाग आला, २०१५ मध्ये दिल्लीत या भाषेचं स्वतंत्र केंद्र. त्या केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर गेला. मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला मात्र २०१० उजाडलं, आणि तोही कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत.

यंत्रांचं थोडक्यात सांगतो. आधी कर्णे, मग बॅटरीची जड यंत्रं, मग १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि यंत्र आणखी लहान झालं. खिशातली पेटी आणि कानात जाणारी वायर पुष्कळांनी पाहिली असेल. २०१४ पासून केंद्राच्या योजनेत लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही मदत मिळते. पण तिथं वय महत्त्वाचं. भाषा शिकण्याची सुरुवातीची वर्षं निघून गेली की तेवढा उपयोग होत नाही. इम्प्लांट होवो न होवो, त्या वर्षांत मुलाला कुठली तरी पूर्ण भाषा मिळायला हवी. हातांची भाषा त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही.

आता वाळूजच्या माणसाकडे येऊ. त्याचा इतिहास वेगळाच आहे. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरांनी बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले. नीट ऐकू येणारा त्यात एकही सापडला नाही. म्हणजे कारखान्यानं कान जातो हे मुंबईतली शाळा निघाली त्याच सुमारास माहीत झालेलं होतं.

हा कान एकदम जात नाही. आतल्या कानात केसांसारखं टोक असलेल्या पेशी असतात. सततच्या दणक्यानं त्या मरतात, आणि परत उगवत नाहीत. आधी जातात त्या बारीक, उंच स्वर पकडणाऱ्या, ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. बायको ‘साठ’ म्हणते, हा ‘आठ’ ऐकतो, आणि घरात समजूत अशी होते की हा मुद्दाम कानाडोळा करतो. यंत्र आवाज मोठा करेल, मेलेल्या पेशींचं काम करणार नाही.

आणि इथं कायदा तोकडा पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत, बोलण्याच्या स्वरांवर किमान ६० डेसिबलची घट लागते. प्रेस शॉपमधल्या माणसाचे खालचे स्वर बरेचदा शाबूत असतात, त्यामुळे घटीची सरासरी कमी राहते आणि प्रमाणपत्र हातातून निसटतं. त्याच्यासाठी दरवाजा दुसरा आहे. आवाजामुळे जाणारं ऐकणं कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलं गेलं, आणि राज्य कामगार विम्याच्या कायद्यातही व्यवसायजन्य आजारांत आलं. पण त्या दारावर विचारतात, कामाला लागण्याआधी कान कसा होता? याचं उत्तर ज्याच्याकडे कागदावर नाही, तो तिथंच अडकतो. कंत्राटी पोराचं आणखी अवघड, त्याचा ठेकेदारच दर वर्षी बदलतो.

म्हणून इथं नव्यानं कामाला लागणाऱ्या मुलांना आम्ही एवढंच सांगतो: पहिल्याच आठवड्यात कानाची तपासणी मागा, ऑडिओग्राम म्हणतात त्याला, आणि त्याची एक प्रत घरी, आधार कार्डाच्या पिशवीत ठेवा.