मुंबईच्या कोटांतील हिरवळ

भर दुपारीं एकच्या सुमारास हॉर्निमन सर्कलच्या बागेंत गेल्यास बसावयास बांक मिळणें कठीण. भोंवतालच्या बँकांतील व कचेऱ्यांतील मंडळी डबे उघडून झाडांच्या सावलींत बसलेली असतात; कोणी वर्तमानपत्र तोंडावर ओढून अर्ध्या घटकेची झोंप काढीत असतो; कोणी नुसताच पानांकडे पाहत असतो. लोखंडी कठड्यापलीकडे मोटारींचा गोंगाट अखंड चालूच असतो, परंतु आंत आल्यावर तो एखाद्या शेजाऱ्याच्या घरांतील भांडणासारखा दूरचा वाटूं लागतो. जागा ती केवढी, सुमारें अडीच एकरांची! पण कोटांतल्या माणसास ती नसती तर दुपार कशी काढावी हा प्रश्नच पडता.

अशा जागा आपणांस आयत्या मिळाल्या आहेत असें आपल्याला वाटतें. कोणा उदार राज्यकर्त्यानें प्रजेच्या सुखासाठीं त्या राखून ठेविल्या असाव्या, असा आपला एक भाबडा समज असतो. इतिहास निराळेंच सांगतो. मुंबईच्या या जुन्या भागांत आज जी हिरवळ उरली आहे, तिचा जन्म बहुतेक ठिकाणीं तोफांच्या सोयीसाठीं झाला आहे, आणि एका ठिकाणीं जमिनीच्या व्यापारांतून.

तोफांची गोष्ट आधीं सांगतों. कोट म्हणजे तटबंदीच्या आंतलें शहर. तटावरच्या तोफांना शत्रु स्पष्ट दिसला पाहिजे, म्हणून तटाबाहेरचीं घरें व झाडें काढून मोकळें रान ठेवण्याची त्या काळीं पद्धत असे. तेंच इंग्रजांचें 'एस्प्लनेड'. १८०३ सालच्या फेब्रुवारींत कोटाच्या आंत मोठी आग लागली व गांवाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळाला. त्यानंतर सरकारनें हें मोकळें रान आणखी रुंद केलें आणि नेटिव वस्तीस त्याच्या पलीकडे रेटलें. म्हणजे ज्या मोकळ्या हवेची आपण आज एवढी वाखाणणी करतों, तिच्या एका टोकास जळलेलीं घरें आहेत व दुसऱ्या टोकास हलविलेली माणसें आहेत. या रानांत राहिलें काय, तर एखादी विहीर. चर्चगेटजवळची भिका बेहराम यांची विहीर १७२५ सालची. तटाबाहेरच्या मोकळ्यांत ती तेव्हांपासून आहे, आणि पारशी बांधव आजही तिच्याशीं प्रार्थनेला येतात.

आतां कोटाच्या आंत येऊं. सेंट टॉमस चर्च १७१८ सालच्या नाताळांत उघडलें. त्याच्या समोर एक विस्तीर्ण पटांगण होतें. त्यास इंग्रज 'बाँबे ग्रीन' म्हणत. नांव हिरवळीचें, परंतु प्रत्यक्षांत तेथें कापसाच्या गठड्यांच्या राशी पडलेल्या असत. त्यावरून त्यास 'कॉटन ग्रीन' हेंही नांव पडलें. १८४४ सालीं हा व्यापार कुलाब्याकडे गेला व पुढें शिवडीच्या बाजूस. पण नांवें मोठीं चिवट असतात. आज लोकलगाडींतून 'कॉटन ग्रीन' स्टेशनावर उतरणाऱ्या शेंकडों माणसांपैकीं कितींना ठाऊक असेल कीं हें नांव मैलोगणती दूरच्या एका चर्चपुढच्या पटांगणांतून प्रवास करीत येथवर आलें आहे?

या पटांगणांत लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा होता. जुन्या वर्णनांत अशी मौज सांगितलेली आढळते कीं, येणारे-जाणारे लोक त्या पुतळ्यास देव समजून हार-फुलें वाहूं लागले आणि सरकारनें कितीही समजाविलें तरी तें थांबेना. आमच्या लोकांच्या भाबडेपणाचा पुरावा म्हणून इंग्रज लेखक ही हकीकत हंसत हंसत सांगतात. मला तींत भाबडेपणापेक्षां सवयच अधिक दिसते. जागा मोकळी असावी, मध्यें छत्रीखालीं एक मूर्ति असावी, जवळपास झाड असावें. मग आपला माणूस चपला काढणारच.

पटांगणाच्या पूर्वेस १८३३ सालीं टाऊन हॉल पुरा झाला. कर्नल टॉमस कूपर यानें आखलेली ही इमारत, तिचे ते प्रचंड खांब व ती पायऱ्यांची उतरंड, आजही मुंबईंत तोलाला तोड नाहीं. तिच्यासमोरच्या वडाखालीं १८५० नंतरच्या वर्षांत दलाल मंडळी जमूं लागली. ना कचेरी, ना खुर्ची. वडाची सावली हाच त्यांचा बाजार. १८७५ सालीं या दलालांनीं आपली संस्था स्थापन केली आणि पुढें दलाल स्ट्रीटचें नांव जगभर झालें. त्या सर्व उलाढालीचें मूळ एका झाडाखालीं होतें.

येथें चार्ल्स फोर्जेट हा गृहस्थ कथेंत येतो. मुंबईच्या पोलिसांचा हा मुख्य. हिंदुस्थानांतच वाढलेला, येथल्या भाषा अस्खलित बोलणारा व वेष पालटून गल्लीबोळांत हिंडण्यांत वाकबगार. १८५७ सालीं मुंबईच्या पलटणींतील कांहीं शिपाई सोनापूरजवळच्या एका घरांत गुप्तपणें जमतात अशी त्यास बातमी लागली. भिंतीस भोक पाडून त्यानें शेजारच्या खोलींतून त्यांचें बोलणें ऐकलें आणि पलटणीच्या इंग्रज अधिकाऱ्यासही तेथें आणून ऐकविलें. दिवाळीच्या सुमारास उठाव करण्याचा बेत होता, असें त्यावरून ठरलें. १५ ऑक्टोबर १८५७ रोजीं सय्यद हुसेन व मंगल गादिया या दोघां शिपायांस एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. तोफांसाठीं मोकळें ठेवलेलें तें रान. त्याचा उपयोग अखेर असा झाला.

आणि याच फोर्जेटच्या डोक्यांत बाँबे ग्रीनची बाग आली. कापूस गेल्यावर तें पटांगण धुळीचें व कचऱ्याचें आगर होऊन पडलें होतें. त्याच्याभोंवतीं एकसारख्या उंचीच्या, कमानीदार ओट्यांच्या इमारतींचें वर्तुळ उभारावें व मध्यें बाग करावी, अशी त्याची कल्पना. आधीं गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यानें व त्याच्या मागून आलेल्या सर बार्टल फ्रियर यानें तिला पाठबळ दिलें. नगरपालिकेनें ती जागा घेतली आणि भोंवतालचे तुकडे इमारतींसाठीं विकले. वेळ अशी साधली कीं अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता व पैसा कोठें गुंतवावा हें व्यापाऱ्यांस सुचत नव्हतें. विक्रींत चांगलाच नफा झाला. १८६५ च्या जुलईंत तो सट्ट्याचा फुगा फुटला व अनेक मोठीं घराणीं बसलीं. पण वर्तुळाचें काम चालूच राहिलें, आणि १८७२ पर्यंत मध्यें वाटा, झाडें व कारंजें यांसह बाग तयार झाली. कारंजें आज नाहीं, झाडें आहेत.

एकाच माणसानें एका मोकळ्या जागेवर दोघांस तोफेच्या तोंडीं दिलें व दुसऱ्या मोकळ्या जागेंत झाडें लाविलीं, याचा मेळ कसा घालावा? मीं बरेच दिवस विचार केला. फोर्जेटला स्वतःला यांत विसंगति दिसली असेल असें मला वाटत नाहीं. शहर नीट ठेवणें हें त्याचें काम. धूळ आणि कट या दोहोंकडे तो एकाच नजरेनें पाहत असावा.

१८६० नंतरच्या दशकांत फ्रियरच्या कारकीर्दींत तट पाडला गेला. चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून 'चर्चगेट'. तो दरवाजा गेला व नांव राहिलें. त्याच्या जागेजवळ १८६४ सालीं फ्लोराचें कारंजें उभें राहिलें. तोच आजचा हुतात्मा चौक. गोविंद नारायण माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, म्हणजे अगदीं या मोडतोडीच्या ऐन भरांत. जुन्या कोटाची मुंबई मराठींत टिपून ठेवण्यास त्यांस जणू शेवटचीच संधि मिळाली.

तट गेल्यावर एस्प्लनेडचें कारणच उरलें नाहीं. रस्ते आले, लोहमार्ग आला, विद्यापीठ, हायकोर्ट व राजाबाई टॉवर उभे राहिले, आणि एका अखंड रानाचे चार तुकडे शिल्लक राहिले: कूपरेज, ओव्हल, क्रॉस मैदान आणि ज्यास आपण आज आझाद मैदान म्हणतों तें. हे तुकडे तरी कोणाचे, हा प्रश्न लवकरच उभा राहिला, आणि तो चेंडूफळीच्या खेळांतून उभा राहिला हें विशेष. १८७५ सालीं साहेबांनीं बाँबे जिमखाना काढला. त्यांस स्वतंत्र, राखलेलें मैदान होतें. उरलेल्या जागेंत पारशी, हिंदु व मुसलमान मुलें क्रिकेट खेळत. पण साहेबांस पोलोचीही हौस. त्यांचे घोडे याच लोकांच्या भागांत दौडत; टापांनीं जमीन उखडली जाई, आणि मग तेथें चेंडू सरळ येणें शक्य नसे. १८८१ सालापासून खेळाडूंनीं सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. कधीं पोलो बंद, कधीं पुन्हा चालू, असा तो तंटा काहीं वर्षें चालला. शापूरजी सोराबजी या पारशी खेळाडूनें १८९७ सालीं या सर्व प्रकरणाचा इतिहास पुस्तकरूपानें लिहून ठेविला. स्वतःच्या मैदानावर घोडे नकोत एवढीच ज्यांची मागणी, त्यांस विनवण्या करीत किती वर्षें घालवावीं लागलीं, हें त्यावरून कळतें. अखेर समुद्रकांठीं वेगवेगळ्या जातींच्या जिमखान्यांस जागा देऊन सरकारनें वाट काढली. ती वाट मला फारशी चांगली वाटत नाहीं. एकत्र अर्ज करणारे लोक त्यामुळें निरनिराळ्या कुंपणांत गेले. पुढें १९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानांतला पहिला कसोटी सामना झाला तो त्याच बाँबे जिमखान्याच्या मैदानावर, जेथें हिंदी माणसास सभासद होतां येत नसे. सी. के. नायडू कर्णधार होते व लाला अमरनाथांनीं ११८ धावा काढल्या.

१९३० च्या कायदेभंगांत एस्प्लनेडवर सत्याग्रही जमले व त्यांच्यावर लाठ्या चालल्या. 'आझाद' हें नांव त्या मैदानानें असें मिळविलें. ओव्हलच्या पश्चिमेस त्याच दशकांत समुद्र हटवून नव्या घाटाच्या इमारती झाल्या. पूर्वेस जुन्या गॉथिक व पश्चिमेस या नव्या, अशी ती समोरासमोरची बैठक २०१८ सालीं जागतिक वारशांत नोंदली गेली. मधलें गवत नसतें तर एका बाजूवरून दुसरी दिसलीही नसती.

वर्तुळाच्या नांवाचें एक राहिलें. पुष्कळांस वाटतें कीं तें मूळ माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्यावरून पडलें होतें. तसें नाहीं, तें त्याच्या पुतण्याचें, १८५३ ते १८६० पर्यंतच्या गव्हर्नराचें. स्वातंत्र्यानंतर तें बदललें आणि बेंजामिन हॉर्निमन यांचें नांव आलें. 'बाँबे क्रॉनिकल'चे हे संपादक. १९१९ सालच्या एप्रिलांत सरकारनें त्यांस हिंदुस्थानांतून हांकलून दिलें, १९२६ सालीं ते परत आले व १९४८ सालीं वारले. इंग्रज गव्हर्नराचें नांव काढून तेथें एका इंग्रजाचेंच नांव द्यावें, असें त्या काळच्या मुंबईस वाटलें.

दीड वाजून गेला म्हणजे बागेंतले डबे बंद होऊं लागतात. झोंपलेला उठतो, वर्तमानपत्राची घडी घालतो आणि दारांतून बाहेर पडून कमानींच्या ओट्यावरून आपल्या कचेरीकडे चालूं लागतो. बांक रिकामा होतांच दुसरा कोणी तरी येऊन त्यावर बसतो.